नंबर कोणाचा? व्यायामशाळेतील वागणुकीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे व्यायामाच्या प्रकारांविषयी नसून व्यायामशाळेतल्या माणसांविषयी आहेत. मुंबईत सातशे-आठशे चौरस फुटांच्या जागेत संध्याकाळी तीस-चाळीस माणसे एकाच वेळी घाम गाळत असतात, तेव्हा असे प्रश्न पडणे साहजिक आहे आणि ते क्षुल्लक तर मुळीच नाहीत. व्यायाम मध्येच सोडून देणारी पुष्कळ माणसे थकव्याने नव्हे, तर तिथे अवघडल्यासारखे वाटू लागल्याने सोडतात, हे मी ३० वर्षे शिकवताना पाहत आलो आहे. त्यांतली काही पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी परळला नोकरी करतो आणि सुटल्यावर साडेसातला जवळच्या जिममध्ये जातो. पुढे गाडी पकडून घरी जायचे असल्याने दीड तासात सगळे उरकावे लागते. परंतु बेंचवर कोणीतरी मोबाइल पाहत बसलेले असते, कोणी एकाच वेळी दोन-दोन मशीन अडवून ठेवतो. विचारायला गेले तर वाद होईल अशी भीती वाटते. कसे विचारावे?
(वाचक, वय २७, कळवा)

उत्तर : आधी त्या बसलेल्या माणसाच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) किंवा डेडलिफ्टसारखा (जमिनीवरून वजन उचलणे) जड व्यायाम करणाऱ्याला दोन सेटच्या, म्हणजे सलग केलेल्या दोन फेऱ्यांच्या, मध्ये २ ते ३ मिनिटे, कधी त्याहूनही अधिक विश्रांती लागते. हलक्या वजनाच्या व्यायामाला मिनिट-दीड मिनिट पुरते. म्हणजे चार जड सेट करायला कोणाला १५ मिनिटे लागली, तर त्याने जागा अडवली असे होत नाही. मात्र विश्रांती घेणारा मधूनमधून घड्याळ पाहतो, आणि मोबाइलमध्ये बुडालेला माणूस आपला सेट राहिला आहे हेच विसरतो. हा फरक लांबूनही ओळखू येतो.

आता विचारण्याविषयी. ‘तुमचं झालं का?’ असे विचारू नये. त्यात ‘आता उठा’ असे ऐकू येते आणि समोरचा विनाकारण ताठरतो. ‘अजून किती सेट राहिलेत?’ असे विचारावे. या प्रश्नाला आकड्यातच उत्तर द्यावे लागते, आणि आकडा तोंडातून गेला की तो पाळण्याची जबाबदारी माणूस आपोआप घेतो. एक किंवा दोन राहिले असतील तर थोडे दूर उभे राहून थांबावे. डोक्यावर उभे राहू नये. तीन-चार राहिले असतील तर ‘मध्ये मध्ये मी मारू का?’ असे विचारायला काहीच हरकत नाही. आपल्याकडे मुले याला ‘अल्टरनेट मारणे’ म्हणतात. एक करतो तेव्हा दुसरा दम घेतो, आणि एकाच बेंचवर दोघांचे काम होते.

पण अशी भागीदारी मागणाऱ्यावर काही बंधने येतात. आपला सेट झाला की बारवरच्या प्लेट, म्हणजे लोखंडी दांड्यावरच्या वजनाच्या चकत्या, पुन्हा त्याच्या वजनाप्रमाणे लावून द्यायच्या आणि बेंचवरचा घाम पुसायचा. तो ६० किलो उचलतो आणि आपण ३० उचलतो, किंवा तो सहा फूट उंच आणि आपण सव्वापाच फूट, त्यामुळे स्क्वॉट रॅकचे, म्हणजे बार टेकवायच्या चौकटीचे, हूक दर वेळी वरखाली करावे लागणार, असे असेल तर भागीदारी मागूच नये. सरळ नंबर लावावा.

दोन मशीन एकदम वापरणाऱ्यांना, म्हणजे ज्याला सुपरसेट म्हणतात तो करणाऱ्यांना, माझे सांगणे असे की सकाळी अकराला खुशाल करा, संध्याकाळी साडेसातला करू नका. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची सवय बेंचवर चालत नाही. पाणी प्यायला गेलेल्या माणसाचा टॉवेल बेंचवर असेल तर मिनिटभर थांबावे. फोनवर बोलायला बाहेर गेलेल्या माणसाचा असेल तर तो घडी करून बाजूला ठेवावा आणि आपला व्यायाम सुरू करावा.

लहानपणी मी गिरगावातल्या ज्या तालमीत जात असे, तिथे मोठ्या मुद्‌गलांची एकच जोडी होती आणि फिरवणारे आम्ही बारा जण. ज्याचे फिरवून झाले त्याने जोडी जमिनीवर न टेकवता पुढच्याच्या हातात द्यायची, असा वस्तादांचा दंडक होता. त्यामुळे आपले फिरवून होत आले की डोळे आपोआप पुढचा कोण ते शोधत. बेंच हातात देता येत नाही, पण आपल्यामागे कोण थांबले आहे हे पाहता येते, आणि एवढे प्रत्येकाने पाहिले तर आपल्यासारख्या वाचकाला मला पत्र लिहावे लागणार नाही.

प्रश्न : माझी हाडे ठिसूळ होऊ लागल्याने डॉक्टरांनी वजनाचे व्यायाम सांगितले आहेत. सोसायटीच्याच जिममध्ये सकाळी जाते. आदल्या रात्री मुलांनी लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, लावलेल्या प्लेट तशाच असतात. मला त्या काढता येत नाहीत, आणि दर वेळी वॉचमनला बोलावणे बरे वाटत नाही. मुलांना सांगितले की ‘हो काकू’ म्हणतात, पण बदल होत नाही.
(वाचक, वय ६१, मुलुंड)

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार वाईट वाटले, आणि रागही आला. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन, अशा २० किलोच्या सहा प्लेट मशीनवर ठेवून जाणारा मुलगा १२० किलोचे ओझे पुढच्या माणसासाठी मागे ठेवून जातो. उचलताना त्याला अभिमान वाटलेला असतो, मग काढून ठेवताना कमीपणा का वाटावा? वजन जागेवर ठेवल्याशिवाय सेट संपला असे मानायचेच नाही, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

इथे एक धोक्याची गोष्टही नीट समजून घ्यावी, कारण ती फक्त शिष्टाचाराची नाही. मोठा बार, ज्याला ऑलिम्पिक बार म्हणतात, तो रिकामाच २० किलोचा आणि सुमारे सव्वादोन मीटर लांबीचा असतो. तो बेंचच्या दोन खांबांवर नुसता टेकलेला असतो. त्याच्या एका बाजूच्या सगळ्या प्लेट काढल्या आणि दुसऱ्या बाजूला जड वजन तसेच राहिले, तर बार तराजूच्या दांडीसारखा उलटतो. एका जिममध्ये माझ्यासमोर हे घडले आहे. एका बाजूला २० च्या तीन प्लेट आणि दुसरी बाजू रिकामी; बारचे मोकळे टोक उडाले आणि मागच्या आरशातून आरपार गेले. तिथे त्या क्षणी कोणी उभे नव्हते, हे नशीब. म्हणून प्लेट नेहमी आळीपाळीने काढाव्यात, एक इकडची, एक तिकडची. दुसऱ्याने सोडून दिलेला बार आवरणाऱ्याच्या तर हे लक्षातही नसते. पसारा टाकून जाणाऱ्याने असा अपघात दुसऱ्यासाठी मांडून ठेवलेला असतो.

आपण काय करावे? ‘हो काकू’ म्हणणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगण्यात आपली शक्ती घालवू नका. सोसायटीच्या समितीला लेखी पत्र द्या आणि त्यात दोनच मागण्या करा. पहिली, प्लेट ठेवण्याच्या खुंट्या मशीनच्या हाताजवळ हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतात आणि मग आळसाला निमित्त मिळते. दुसरी, जड प्लेट खालच्या खुंटीवर आणि हलक्या कमरेच्या उंचीवर. १० किलोची प्लेट खांद्याच्या वर टांगलेली असेल तर ती काढताना तरुणाचाही तोल जातो. रात्री शेवटी जाणाऱ्याने सही करायची वही दाराशी ठेवली, तर आठवडाभरात कोणाकडून राहून जाते ते समितीला कळते. आणि एक आग्रहाने सांगतो, वॉचमनला बोलावण्याचा संकोच करू नका, पण जड प्लेट स्वतः ओढू नका. हाडे ठिसूळ असताना पुढे वाकून आणि वळून वजन खेचणे हा पाठीच्या मणक्यांवर सर्वांत वाईट ताण असतो.

प्रश्न : मी सात वर्षे नियमित व्यायाम करते. तरीही आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी अनोळखी पुरुष येऊन ‘मॅडम, असं नाही, असं करा’ म्हणून शिकवू लागतो. मागच्या महिन्यात जिमच्या प्रशिक्षकाने न विचारता कंबरेला धरून माझी पाठ सरळ केली. मी काही बोलले नाही, पण घरी येऊन खूप चिडले. माझे चुकले का?
(वाचक, वय ३४, गोरेगाव)

उत्तर : आपले काहीही चुकले नाही. चिडणे योग्यच होते.

न मागता दिलेला सल्ला ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि व्यायामशाळेत तिला ऊत येतो. सल्ला देणाऱ्याला समोरच्या माणसाचा इतिहास माहीत नसतो. गुडघ्याच्या दुखण्यामुळे कोणी मुद्दाम अर्धीच बैठक मारत असेल, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर कोणाला फिजिओथेरपिस्टने विशिष्ट पद्धत सांगितली असेल. म्हणून शेजारच्याचे चुकते आहे असे कितीही वाटले तरी गप्प राहावे. फारच धोकादायक दिसले तर प्रशिक्षकाला हळूच सांगावे. ते त्याचे काम आहे. आपल्याला कोणी शिकवू लागले, तर ‘धन्यवाद, माझा सेट चालू आहे’ एवढे म्हणून मान वळवावी. कारणे देत बसू नये, कारण प्रत्येक कारणाला त्याच्याकडे दुसरा सल्ला तयार असतो.

प्रशिक्षकाचा स्पर्श ही अधिक गंभीर बाब आहे. शिकवताना हात लावण्याची गरज कधी कधी पडते, हे मी स्वतः शिकवणारा असल्याने नाकारत नाही. परंतु त्याआधी तीन पायऱ्या असतात. पहिल्यांदा तोंडाने सांगायचे, मग स्वतः करून दाखवायचे, आणि त्यानेही समजले नाही तर ‘पाठीला हात लावून दाखवू का?’ असे विचारून, होकार आल्यावरच हात लावायचा. बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतच काम होते. एक लाकडी काठी पाठीला टेकवून धरायला दिली की पाठ सरळ आहे की नाही हे शिकणाऱ्याला स्वतःलाच कळते. मी गेली कित्येक वर्षे ती काठीच वापरतो. त्या प्रशिक्षकाला पुढच्या खेपेला शांतपणे सांगा, ‘हात लावण्याआधी विचारत जा.’ तरीही फरक पडला नाही, तर चालकाकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या.

न विचारता हात घालण्याचा एकच प्रसंग मी मान्य करतो. बेंच प्रेस करताना बार कोणाच्या छातीवर अडकला आणि तो वर जात नसेल, तर धावत जाऊन बार उचलावा, ओळख असो वा नसो. एरवी कोणी ‘स्पॉट द्या’, म्हणजे बार अडकला तर उचलायला जवळ उभे राहा, म्हणून बोलावले, तर आधी किती रेप मारणार, म्हणजे बार किती वेळा वरखाली करणार, ते विचारून घ्यावे, आणि बार खरोखर थांबेपर्यंत त्याला बोटही लावू नये. निम्मे वजन आपणच उचलले, तर त्याचा सेट वाया जातो.

प्रश्न : मला मांडीवर गजकर्ण झाले आहे. औषध चालू आहे. जिमला जावे का? इतरांना होऊ नये म्हणून काय करू?
(वाचक, वय २४, घाटकोपर)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून कौतुक वाटते. मुंबईच्या दमट हवेत आणि विशेषतः पावसाळ्यात हा त्रास फार पसरतो, आणि बहुतेक जण तो लपवून तसेच बेंचवर बसतात.

गजकर्ण बुरशीमुळे होते. त्वचेचा त्वचेला स्पर्श, तसेच एकमेकांचे टॉवेल, कपडे आणि चटया यांतून ती पसरते. चट्टा उघडा राहणार असेल तर तो बरा होईपर्यंत सार्वजनिक चटई आणि मशीन टाळावीत, आणि कधी परतायचे हे त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे. तोपर्यंत चालणे किंवा घरच्या घरी जोर-बैठका काढणे होऊ शकते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत वाढत राहते आणि पुढे औषधालाही दाद देत नाही. खाज थांबली म्हणून औषध मध्येच बंद करणे हीदेखील तशीच मोठी चूक आहे.

इतर वाचकांसाठीही हे उपयोगाचे आहे. टॉवेल आपलाच हवा आणि त्याच्या एका कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घालावा. टाक्याची बाजू चेहऱ्याला, दुसरी बेंचला. टाका नसेल तर तिसऱ्या सेटपर्यंत कोणती बाजू कुठली हे कोणालाच आठवत नाही. बेंच पुसताना आधी घाम कोरडा पुसावा आणि मग जंतुनाशक फवारावे. घामावरच फवारले तर त्याचा प्रभाव कमी होतो. फवारल्यावर लगेच कोरडे करू नये. बाटलीवर जेवढा वेळ लिहिला असेल तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यावा. ट्रेडमिलच्या पडद्यावर मात्र थेट न फवारता कापडावर घेऊन पुसावे. घरी आल्यावर कपडे पिशवीत मुरू देऊ नयेत. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा टॉवेलवरून गरम इस्त्री फिरवली तरी तो नीट कोरडा होतो. आणि रस्त्यावरच्या चिखलाचे बूट घालून आत येणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्याच जमिनीवर कोणीतरी पाठ टेकून पोटाचे व्यायाम करणार आहे. जिमचे बूट वेगळे आणि पिशवीत आणलेले असावेत.

प्रश्न : आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर सोसायटीचे जिम आहे. पहाटे साडेपाचपासून वजने आदळतात. मुलांना बोलले तर ‘दार बंद करून करतो ना’ म्हणतात.
(वाचक, वय ७०, बोरिवली)

उत्तर : दार बंद केल्याने संगीताचा आवाज अडतो, आदळण्याचा नाही. वजन जमिनीवर पडले की स्लॅब थरथरतो आणि तो हादरा भिंती-खांबांतून आपल्या पलंगापर्यंत येतो. त्यावर उपाय जमिनीपाशीच करावा लागतो. जड वजनाच्या जागी जाड रबराचे थर, लोखंडी प्लेटऐवजी रबरी प्लेट आणि ट्रेडमिलच्या पायांखाली रबरी गट्टू घालावेत. ट्रेडमिल खोलीच्या मधोमध न ठेवता खांब किंवा बीमजवळ ठेवली तरी फरक पडतो, कारण स्लॅब मध्यावर अधिक हलतो.

निवासी भागासाठी आवाजाची कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. म्हणजे साडेपाच ही रात्रच झाली. हा आधार घेऊन समितीकडे अशी मागणी करावी, की सकाळी ७ पर्यंत फक्त चालणे, ताणाचे व्यायाम आणि हलकी डंबेल एवढेच चालेल. पहाटे व्यायाम करणाऱ्या मुलांविषयी मला आदरच आहे. पण जे वजन हातांनी सावकाश खाली ठेवता येत नाही, ते आपल्यासाठी अजून जड आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

प्रश्न : जिममध्ये स्वतःचा व्हिडिओ काढणे गैर आहे का?
(वाचक, वय २२, दादर)

उत्तर : स्वतःची पद्धत तपासण्यासाठी काढलेला छोटा व्हिडिओ उपयोगी असतो. तो कॅमेरा भिंतीच्या दिशेने ठेवून काढावा, म्हणजे मागे दुसरे कोणी येणार नाही. कोणी आलेच तर तो भाग काढून टाकावा आणि विचारल्याशिवाय कुठेही टाकू नये. स्टँड जाण्यायेण्याच्या वाटेवर उभा करू नये; ‘जरा थांबा, शूट चालू आहे’ असे इतरांना सांगण्याचा अधिकार कोणत्याच सभासदाला नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाइल बाहेर काढूच नये. तिथे कपडे बदलत असलेल्या स्त्रीचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी १ ते ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

प्रश्न : मी पहिल्यांदाच जिम लावले आहे. सगळे माझ्याकडे पाहतात असे वाटते. कुठे उभे राहावे तेही कळत नाही.
(वाचक, वय १९, भांडुप)

उत्तर : पाहणारे बहुतेक जण आरशात स्वतःलाच पाहत असतात, याची खात्री बाळगा. म्हणूनच आरसा आणि व्यायाम करणारा यांच्या मधून जाऊ नका, मागून जा. डंबेल स्टँडवरून उचलले की दोन-तीन पावले मागे येऊन व्यायाम करा, म्हणजे दुसऱ्याला त्याची जोडी घेता येईल. डेडलिफ्ट किंवा स्क्वॉट करणाऱ्याशी त्याचा सेट चालू असताना बोलू नका. बार खाली ठेवल्यावर बोला.

पहिला आठवडा शक्य असेल तर कॉलेज सुटल्यावर दुपारी तीनच्या सुमारास जा. त्या वेळी गर्दी नसते आणि प्रशिक्षकालाही वेळ असतो. पहिल्या दिवशी त्याला व्यायाम विचारू नका. कोणती वस्तू कुठे ठेवायची, पुसायचे कापड कुठे असते आणि फवारणीची बाटली कुठे आहे, एवढे विचारून घ्या. बार हातात घ्यायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करा, आणि तोही रिकामा.